बिडीला विचारायचं

त्या दिवशी सत्यवतीला दोनच गोष्टींची धास्ती होती. चार वाजता वीज जाणार याची, आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या मष्णूची.

साल १९८९. निपाणीच्या बसस्टँडमागं, एका माडीवर परशराम सरांनी संगणक केंद्र काढलं होतं. बेसिक शिकून झालेली आठ जणांची तुकडी पुढचं काहीतरी मागायला लागली, तेव्हा सरांनी हौसेनं सी प्लस प्लस जाहीर करून टाकलं. स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फळ्यावर नाव मोठं झोकात लिहिलं. शिकवायला सत्यवती. बी.एस्सी. झालेली, बेळगावात सहा महिन्यांचा कोर्स केलेली, नेमणूक अजून कच्ची. बेळगावच्या ज्या संस्थेची प्रमाणपत्रं केंद्र वाटायचं, तिथले साहेब आज मागच्या बाकावर ठाण मांडून बसले होते. चारच्या आत एका तरी विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोक्यानं प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा, ही त्यांची अट. नाही जमलं तर विषय बंद, आणि विषयाबरोबर सत्यवतीची नोकरीही.

तिनं पुस्तकातलं वर्तुळ काढलं. मग चौकोन काढला. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून तयार झालेली वस्तू, असं तीनदा सांगितलं. आठही चेहरे कोरे ते कोरेच. मागं साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. पावणेतीन झाले होते.

सोपा दाखला तिच्या जिभेवर होता, सकाळपासून होता. पण तो काढायचा म्हणजे घर उघडं करायचं. सत्यवतीची आई तानीबाई विहारामागच्या गल्लीत बिड्या वळायची, आणि नववीपासून बी.एस्सी.पर्यंत सत्यवतीही तिच्याशेजारी बसून वळत आली होती. सरांना मात्र तिनं सांगितलं होतं, "वडील तंबाखूच्या धंद्यात आहेत." वडील वखारीत पोती उचलायचे, म्हणजे तसं खोटंही नव्हतं. आणि मष्णू होता बिडी कारखान्यातला चेकर. बारा वर्षं तानीबाईच्या बिड्या तोच तपासत होता. सत्यवती कधी कारखान्यात गेली नव्हती, म्हणून त्यानं तिला ओळखलं नव्हतं. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता.

तीन वाजले तशी तिनं वर्तुळ पुसलं.

"बिडीचं पान कापताना त्यावर काय ठेवतात?" तिनं विचारलं.

"पत्रा!" चार-पाच जण एकदम बोलले. निपाणीत हे कुणाला सांगावं लागत नाही.

"तो पत्रा म्हणजे क्लास. एकाच पत्र्यावरून हजार पानं कापतात, हजार बिड्या होतात. एकेक बिडी म्हणजे ऑब्जेक्ट. पत्रा ओढता येतो का?"

वर्ग हसला. मष्णू पुढं सरकून बसला. पान, दोरा, तंबाखू असं सगळं तिनं बिडीच्या क्लासमध्ये लिहिलं आणि तंबाखू खासगी ठेवला, म्हणजे बाहेरच्या कुणाला त्याला हात लावता येणार नाही. मष्णू आपणहून उठला. "मी करतो, मॅडम. बिड्या तपासायचा प्रोग्रॅम. माझंच काम हाय त्ये."

त्यानं दोन बिड्या तयार केल्या, त्यांतला तंबाखू बाहेरून मोजायची ओळ लिहिली आणि चालवायला दिली. यंत्र बराच वेळ कुरकुरलं आणि चूक दाखवून थांबलं. त्यानं ओळ बदलली. पुन्हा चूक. तिसऱ्यांदाही तेच. तीन चाळीस. परशराम सर रुमालानं मान पुसत होते.

सत्यवतीनं पडद्यावर वाकून पाहिलं. "हे काय करताय तुम्ही?"

"फोडून बघायलोय की. आत तंबाखू किती, त्ये फोडल्याबिगर कसं कळणार? आमी रोज तसंच करतो."

"फोडायची न्हाय!" तिचा आवाज एकदम चढला, आणि घरचा झाला. "आत किती हाय ते त्या बिडीला ठाव असतंय. तिला इचारायचं. ती सांगती."

साहेबांनी मागून विचारलं, "मॅडम, बिडीचं इतकं बारीक तुम्हाला कसं माहीत?"

तिनं एकदा सरांकडं पाहिलं. "मी वळल्यात साहेब. सात वर्षं. माझी आई अजून वळते."

मष्णूची बोटं थांबली. "कुनाची गं तू?"

"तानीबाईची."

परवाच त्यानं तानीबाईच्या एका कट्ट्यातल्या बिड्या फोडून सगळा कट्टा छाट म्हणून, म्हणजे नापास करून, बाजूला टाकला होता. खाली मान घालून त्यानं मोजायची ओळ खोडली. बिडीच्या क्लासमध्येच एक फंक्शन घातलं, विचारलं की बिडी स्वतः उत्तर देईल असं. यंत्र पुन्हा कुरकुरलं. बाकीचे सात जण, सर आणि साहेब त्याच्याभोवती येऊन उभे राहिले होते. तीन चोपन्नला पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिली बिडी ठीक, दुसरी छाट.

साहेबांनी तिथंच मंजुरीच्या कागदावर सही केली. वीज गेली तेव्हा सर पेढे आणायला जिना उतरत होते.

सत्यवती घरी जवळजवळ पळतच आली. तानीबाई मांडीवर सूप घेऊन वळत बसली होती. सत्यवतीनं सगळं सांगितलं, नोकरी पक्की झाली ते, आणि मष्णूनं शेवटी बिडी न फोडता तिला विचारलं तेही.

तानीबाईनं दोरा दातानं तोडला. "मशीनमधल्या बिडीला इचारलं व्हय त्येनं? बरं झालं. मी बारा वर्सं त्येच्या म्होरं उभी ऱ्हातोय, मला अजून कवा इचारलं न्हाय."