काढणं स्वस्त पडतं

तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हे, कटिंगचे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरले की त्यावर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, हे त्यांचं काम. बाहीच्या बगलेत कॉलर, कॉलरच्या पोटात खिसा, असं ते बसवत जात. बाकीच्या टेबलांखाली चिंध्यांची पोती भरायची. मास्तरांच्या टेबलाखाली मूठभरही निघायच्या नाहीत. मालक पाहुण्यांना मुद्दाम ते टेबल दाखवायला आणायचे.

घरीही तोच हात. साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवायची, टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरायची, भाजी बाजार उठायच्या वेळेला घ्यायची. बायको हसून म्हणायची, "अहो, एक दिवस मलाही उसवून काटकसरीनं पुन्हा शिवाल!" हसायची तीही कशी, तोंड भरून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशी. पगार बेताचा, पण वेळेवर यायचा. लेक शिकून नोकरीला लागली होती. बँकेत चार पैसे होते. कुणापुढं हात पसरावा लागला नाही, याचा मास्तरांना कोण अभिमान!

बायकोची दाढ पहिल्यांदा ठणकली, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "रूट कॅनाल करून वर कॅप बसवली तर दाढ टिकेल. नाहीतर काढावी लागेल."

"स्वस्त काय पडतं?" मास्तरांनी विचारलं.

"काढणं."

"मग काढून टाका. एवढ्या दातांत एका दाढेनं काय बिघडतंय?"

खुर्चीवर आडव्या पडलेल्या बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. तोंडात कापूस होता, बोलणार कशी?

पुढं तिच्या शेजारची दाढ गेली, मग पलीकडच्या बाजूच्या दोन गेल्या. दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. समोरचा दात हलायला लागला, तेव्हा बायको एकटीच जाऊन काढून आली. "काढणं स्वस्त पडतं ना," एवढंच म्हणाली. मास्तरांना त्यातला टोमणा कळलाच नाही. उलट, बायको आपल्या वळणावर गेली म्हणून बरंच वाटलं.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यात जेवण ठेवलं होतं. बायकोलाही बोलावलं होतं. काज-बटणाच्या मशीनवरच्या ताईंनी तिला आग्रहानं आपल्याजवळ बसवून घेतलं. ताटात भाजलेली मक्याची कणसं होती, सफरचंदाच्या फोडी होत्या. समोरच्या रांगेत बसलेल्या मास्तरांना सगळं दिसत होतं. बायकोनं एक फोड तोंडात घातली, जराशी घोळवली आणि रुमाल ओठांशी नेला. रुमाल मांडीवर आला तेव्हा फुगलेला होता. मग दुसरी फोड. ताटातलं टाकलेलं दिसू नये म्हणून ती एकेक फोड रुमालात लपवत होती.

"वहिनी, कणीस घ्या ना! असं काय करता?" ताई म्हणाल्या.

"घरूनच खाऊन आले हो," बायको म्हणाली. ती सकाळपासून उपाशी होती, हे मास्तरांना माहीत होतं.

तेवढ्यात मालक बोलायला उभे राहिले. "मास्तरांनी इतक्या वर्षांत बोटभर कापड वाया जाऊ दिलं नाही!" टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "वहिनींना विचारा, घरी काय काय वाचवलं ते!" सगळे खो खो हसले. बायकोही हसली, पण ओठ मिटून, मान खाली घालून. मास्तरांच्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला. ती शेवटचं मोकळेपणानं कधी हसली होती? त्यांना काही केल्या आठवेना. फोटोसाठी दोघांना उभं केलं, तेव्हा त्यांना तिच्याकडे बघायचाही धीर झाला नाही.

घरी जाताना ते म्हणाले, "अगं, सांगायचंस तरी."

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "तुम्ही रोज समोर बसूनच जेवता."

दुसऱ्या दिवशी ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हिरडीतलं हाड झिजलं होतं, उरलेले दात कलले होते. आता कॅपबिप काही नाही, काढता-घालता येणारी कवळी तेवढी बसेल, आणि तीही सवय होईपर्यंत टोचेल. मास्तरांनी किंमत न विचारताच मान हलवली. बायकोच म्हणाली, "राहू दे हो, आता कशाला? मऊ खायची सवय झालीये." त्यांनी तिथंच आगाऊ पैसे भरून टाकले.

कवळी घ्यायला गेले तेव्हा बायको आत होती आणि मास्तर बाहेर बाकावर. शेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यातल्या तरुणीनं गाल धरला होता, नवरा तिला हळू आवाजात समजावत होता, "काढूनच टाकू. एका दाढेनं काय होतंय?"

मास्तरांना राहवलं नाही. "काढू नका," ते म्हणाले. "वाचत असेल तर वाचवा."

नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. उद्धटपणे नाही, थकून. "काका, मलाही वाचवायचीच आहे. पण खिशात तेवढे असायला नकोत?"

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. या माणसाकडे पैसे नव्हते. मास्तरांकडे होते, दर वेळी होते.

आतून बायकोची हाक आली. ते दारापाशी गेले. ती खुर्चीत बसली होती, हातात आरसा. "कशी दिसते?" तिनं विचारलं. नव्या दातांमुळं शब्द जरा अडखळले.

"छान," मास्तर म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते.