आधी कोण?

शेख मॅडमचा कुठल्याही बाबतीत पहिला प्रश्न ठरलेला : "आधी कोण?" कॅन्टीनचा चहा बिघडला तरी विचारायच्या, "आधी साखर की आधी पावडर?" माझ्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, आधी जेवण की आधी आहेर? पुण्यात विचारलेलं बरं." ऑफिसात आम्ही त्यांची टर उडवायचो.

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यातली माहिती इकडून तिकडे नेतं. त्यातलं एक प्लगइन, म्हणजे जोडलेला सुटा भाग, आकडे घेतं, दुसरं निवडतं, तिसरं पुढे धाडतं. सुरू होताना सगळ्यांना डेटाबेसची सर्व्हिस लागते. ती तयार होण्याआधी एखादं प्लगइन उठलं, की बसलंच रिकाम्या हाताने. आणि एररमध्ये उशीर करणाऱ्या सर्व्हिसचं नाव कधीच येत नाही, तिला हाक मारणाऱ्या प्लगइनचं येतं. पहिली हाक मारणारं प्लगइन मॅडमचं होतं. सर्व्हिस आमच्या साहेबांनी स्वतः लिहिलेली.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. सर्व्हिसने 'मी तयार आहे' असं कळवावं, मग बाकीच्यांनी उठावं. साहेब म्हणाले, "तुमचं प्लगइन दहा सेकंद थांबवा. विषय संपला."

"साहेब, नळाला पाणी आलंय का ते बघून वॉशिंग मशीन लावतात, घड्याळ बघून नाही. आमच्याकडे बिबवेवाडीला या एकदा."

साहेब हसले नाहीत. दहा सेकंद घातले गेले.

मोठ्या ग्राहकासमोर डेमो होता. त्या दिवशी सर्व्हर रेंगाळला, दहा सेकंद पुरले नाहीत आणि भिंतीएवढ्या पडद्यावर मॅडमच्या प्लगइनचं नाव लाल अक्षरांत झळकलं. "शेख मॅडमच्या कामात जरा प्रॉब्लेम आहे," साहेब पाहुण्यांना गोड आवाजात म्हणाले. परक्यांसमोर घरचं भांडण काढायचं नाही, ही मॅडमची रीत. ग्राहक हातचा गेला, आणि त्याच महिन्यात मॅडमकडून राजीनामा मागून घेतला.

लिफ्टपाशी मी विचारलं, "तुम्ही एचआरला खरं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. तिथल्या बाई म्हणाल्या, मॅडम, एररमध्ये नाव तुमचं आहे." डब्याची पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "वाचता येतं त्यांना, तेवढं तरी बरं."

मला अजून राग येतो. इतकी चोख बाई गेली आणि इथे कुणाचा चहासुद्धा थांबला नाही.

त्यांचं प्लगइन आता माझ्याकडे आहे. परवा पुन्हा तीच एरर आली. साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि त्याच गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या कामात जरा प्रॉब्लेम दिसतोय."