अक्काच्या मनगटावरचे सहा बँड

सुधाक्का गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मी बसमध्ये होते, म्हैसुरात बन्नीमंटपजवळ. निरोपाच्या जरा वरच आदल्या दिवशीचा पावलांचा तक्ता होता आणि त्यात माझं नाव पहिलं होतं. उतरून तिच्या घरी जावं की ऑफिसला, काहीच सुचेना... शेवटी ऑफिसलाच गेले. त्या शनिवारी जो थकवा आला, तो पाच आठवडे झाले तरी अंगातून जात नाही.

हूटगळ्ळीला आमचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना. लग्नानंतर नाशिकहून इथे आले, नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी कँटीनच्या कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. सुधाक्का समोर येऊन उभी राहिली. "मराठी काय? मग अशी एकटी कशाला बसतीस? बा, ये इकडं." चार पिढ्या म्हैसुरात, घरी शिवणकाम, देव्हाऱ्यात विठोबा, आणि मराठीत निम्मं कन्नड. माझ्या मराठीला ती 'रेडिओच्या बातम्या' म्हणायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, पण अक्का म्हणजे थोरली बहीणच, म्हणून मी पहिल्यापासून अगं-तुगं करत आले.

यंदा व्यवस्थापनाला एका दगडात दोन पक्षी मारायचे होते, कर्मचाऱ्यांचं आरोग्य आणि दानधर्म. प्रत्येकाला मनगटावर बांधायचा, हाताच्या हेलकाव्यावरून पावलं मोजणारा बँड मिळाला. विभागाने महिनाभरात ठरलेली पावलं भरली, तर कंपनी जयलक्ष्मीपुरमजवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला श्रवणयंत्रं देणार. आमच्या वाट्याला नऊ मुलं. पावलं कमी पडली, तर त्या नऊ जणांचं पुढच्या वर्षी बघू, असा तो हिशेब. मुलांचे कान आमच्या पायांना बांधायची ही कल्पना कोणाची, देव जाणे. नव्याचे नऊ दिवस सगळे उत्साहाने चालले. मग काम अंगावर आलं आणि बँड खणात जाऊन पडले.

अक्का मात्र एकदा ती शाळा बघून आली होती. "एक पोरगी नुसती माझ्या ओठांकडं बघत बसली गं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या भिंतीकडेने फेऱ्या मारायला लागली. आधी पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एकाचा बँड नेला, मग दुसऱ्याचा, शेवटी माझाही. हिरव्या बांगड्यांच्या वर ओळीने सहा बँड!

"अक्का, ही लबाडी आहे हं," मी हसून म्हटलं.

"असू दे की. पावलं तर खरी? कुणाची ते पोरांना काय करायचंय?"

शुक्रवारी ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा धापा टाकत होती, ओठ सुकलेले. मी म्हटलं, "बरं वाटत नाहीये का? राहू दे आज."

"स्वल्प राहिलंय गं. दे."

माझा अहवाल अर्धा पडला होता. 'राहू दे' म्हणता म्हणताच मी बँड काढून तिच्या हातात ठेवला. तो सोडवायला दोन्ही हात लागतात, म्हणजे मी कीबोर्डवरून हात उचलले होते. पण खुर्चीतून उठले नाही.

शनिवारी पहाटे ती उठलीच नाही. हृदय. डॉक्टर म्हणाले, चालण्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. ते वाक्य मी औषधासारखं रोज घेते, गुण येत नाही.

महिनाअखेरीला हिशेब झाला तेव्हा आमच्या विभागाची पावलं त्या शुक्रवारीच भरलेली निघाली, यंत्रं मिळाली, समारंभ झाला. सर्वाधिक पावलांचं प्रशस्तिपत्रक माझ्या नावाचं, सुरुवातीची थोडी माझी आणि उरलेली तिची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं काय असतं, ते स्टेजवर उभं राहून कळलं. न राहवून मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते मान खाली घालूनच म्हणाले, "माहीत होतं मला. माझ्याच खिडकीखालून जायच्या त्या. बोललो असतो तर मुलांचं अडलं असतं." म्हणजे त्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, सगळ्या मजल्याला ठाऊक. खाली उतरून तिच्याबरोबर दोन फेऱ्या माराव्यात, असं मात्र एकालाही वाटलं नाही. मला माझी लाज वाटते.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच भिंतीकडेने निघाले. मागच्या फाटकाशी पोचेपर्यंत दम लागला. रखवालदार शिवण्णांनी उठून आपलं स्टूल पुढे केलं. "बसा मेडम," ते कन्नडमध्ये म्हणाले. "अक्का दर फेरीला इथंच बसायच्या."

"बसायची? आम्हाला वरून कधी दिसली नाही."

"आंब्याच्या झाडाआड येतं हे. एक हात छातीवर धरून बसायच्या. बँडांचा हात मात्र हलवत राहायच्या... थांबला तर पोरांचं राहील म्हणायच्या."

मी स्टुलावर बसले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तरी मला उठवेना.