आधी देव हलवला

त्या दगडखाणीची केस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. नाशिकजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच खबर आली की खाणीचा कडा कोसळला आणि खाली सुरुंगाची भोकं पाडणारा मजूर दगडांखाली गेला. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

फिर्याद खाणीच्या सुपरवायझरने दिली. पोकलेनच्या ड्रायव्हरने नको म्हटलं असताना कड्याचा पायथा पोखरला, म्हणून दरड आली, असं त्यात होतं. ड्रायव्हर नांदगावकडचा, मेलेल्या मजुराचा जिवलग. दोघं एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, बकेट मीच घातलं. दोस्ताला मीच मारलं. लिहून घ्या."

असा आयता कबूल करणारा माणूस मिळाला की काही अधिकाऱ्यांना झोप चांगली लागते. माझी उडते. अपराधी माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा तर स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून घेत होता. पण कागदावर सगळं त्याच्याविरुद्ध होतं. तपास तिथेच थांबला असता तर तो नक्की तुरुंगात गेला असता.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगायला ती तयार नव्हती. "साहेब, खाणीतला देव आधी कुठं व्हता, तेवढं इचारा," म्हणाली आणि फोन ठेवला.

आमचे हवालदार म्हणाले, "आता देवाचाही जबाब घ्यायचा का, साहेब?"

"घेऊ की. तो तरी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं आणि जीप काढायला सांगितली.

आमच्या भागातल्या खाणींत शेंदूर फासलेला एखादा दगड असतोच. सुरुंग उडवण्याआधी त्याच्यापुढे नारळ फोडतात. इथे तो फाटकाजवळ होता, पण चौथऱ्याचं सिमेंट अजून ओलसर होतं. देव आधी कुठे होता, असं मी मजुरांना विचारलं. शेवटी एकाने कोसळलेल्या कड्याच्या माथ्याकडे बोट दाखवलं. "तिथं व्हता. कालच हलवला."

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा मागवला.

"देव का हलवला?"

"रस्ता करायचा होता, साहेब."

"रस्ता तर पलीकडून जातो."

त्याने कप खाली ठेवला. मी त्यात पुन्हा चहा ओतला. मग तो बोलला. "देवाच्या मागं जमिनीला तडा गेला होता. मालक म्हणाले, देव खाली गेला तर वाटोळं होईल, आधी तो हलवा. तडा मुरूम टाकून बुजवला."

"आणि खालचं काम?"

"खडीची मोठी ऑर्डर होती, साहेब. पायथ्याचा दगड लवकर काढायला मीच सांगितलं होतं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कड्याच्या उरलेल्या भागात पंचांसमक्ष खणलं, तर मुरुमाखाली तोच तडा पुढे गेलेला दिसला. खाण सुरक्षेचे अधिकारी आले. त्यांनी समजावलं की कडा सरळ उभा तासायचा नसतो, जिन्यासारखे टप्पे ठेवायचे असतात. काठावर मातीचे ढीग रचायचे नाहीत. आणि तडा दिसला की काम बंद करून खालची माणसं बाहेर काढायची. इथे सगळंच उलटं झालं होतं. मालक आणि सुपरवायझर यांच्यावर गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हर सुटला.

जाताना मी त्याला देव का हलवला होता ते सांगितलं. तो दारातून मागे वळला.

"साहेब, देव आमी दोघांनीच उचलून आणला. आमाला म्हनले रस्ता करायचाय. नारळ माज्या दोस्तानंच फोडला."

मालक श्रद्धाळू होता, याबद्दल मला आजही शंका नाही. धोका कळल्यावर त्याने हालचालही लगेच केली होती. नोकरीत मी निष्काळजी माणसं पुष्कळ पाहिली, पण त्यांतली बरीचशी सगळ्याच बाबतींत निष्काळजी नव्हती. कशाची काळजी घ्यायची आणि कशाची नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं.

देवाला हलवताना क्षमा मागितली होती, नैवेद्य दाखवला होता. ज्यांनी तो खांद्यावरून आणला त्या दोघांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच कड्याखाली कामाला पाठवलं.