ड्रायव्हरची पाखाडी

मार्च महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, महाड आणि पोलादपूर यांच्यामधल्या नदीकाठच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात सावित्री नदीचा नकाशा काढण्यात आला. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो पाण्याच्या टँकरच्या एका ठेकेदाराच्या मोबाइलवर पोहोचला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने आपल्या ड्रायव्हरला विचारले, या नकाशावर तू कसा?

नकाशा एका वर्गात काढला गेला होता. फळ्यावर त्याचे नाव लिहिलेले असे : ‘राजकीय परिस्थितिकी : ओळखवर्ग’. शिकवायला पुण्याहून एक तरुण प्राध्यापिका येत. मी महाडचा. वर्तमानपत्रातली नोकरी संपली होती आणि वर्गात जे बोलले जाईल ते टिपून ठेवण्याचे काम मी घेतले होते.

पहिल्या रविवारी पोलादपूरकडच्या एका बागायतदाराने हात वर केला. त्यांना सगळे आप्पा म्हणत. “राजकीय म्हणजे कुठल्या पक्षाचं, ते आधी सांगा. म्हणजे तुमचा चहा घ्यायचा का नाय, ते ठरवता येईल.”

बाई म्हणाल्या, पक्ष कुठलाच नाही. नदीतलं पाणी कोण घेतं, कुणाला पुरत नाही आणि हे ठरवतं कोण, एवढंच विचारायचं आहे.

“मग हे राजकारणच झालं की,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला.

नकाशाच्या दिवशी बाईंनी एक नियम घातला. कागदावर कुठल्याही माणसाचे नाव लिहायचे नाही. कारणही त्यांनी सांगितले : कागद कुणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात नसते. नियम सर्वांनी पाळला.

पण नदीच्या या टप्प्यात प्रत्येक डोहाला आणि प्रत्येक उताराला कुठल्या ना कुठल्या घराचे नाव आहे. घर उठून मुंबईला गेले, तरी नाव राहते. वाडीतून नदीवर उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, ही ‘ड्रायव्हरची पाखाडी’. ज्या ड्रायव्हरवरून हे नाव पडले, तो कुवेतमध्ये ट्रक चालवत असे. परत आल्यावर त्याने स्वतःच्या खर्चाने या पायऱ्या बांधून घेतल्या. तो वारला. त्याचा मुलगाही ड्रायव्हर झाला आणि गेले काही उन्हाळे ठेकेदाराचा टँकर तोच चालवत होता. घर पाखाडीच्या डोक्यावर. रस्ता अंगणापर्यंत येतो. त्यामुळे टँकर तिथेच उभा राहायचा आणि पाइप पायऱ्यांवरून खाली डोहात सोडला जायचा.

या मुलाची बायको वर्गात येत होती. डोहाभोवती निळे वर्तुळ तिने काढले, वर टँकरही तिनेच काढला. शेजारची म्हातारी ठिकाणांची नावे सांगत होती. कॉलेजातली एक मुलगी ती लिहीत होती. ‘ड्रायव्हरची पाखाडी’ लिहितानाही माणसाचे नाव लिहिले जात आहे असे दोघींच्या मनात आले नाही. बाईंनी ते गावातले जुने ठिकाण म्हणून वाचले.

फोटो आप्पांनी काढला आणि ‘आमची नदी, आमचा नकाशा’ असे लिहून स्टेटसला ठेवला. टँकर कुठून भरतो हे त्यावर कुणालाही दिसत होते.

पुढच्या रविवारी ड्रायव्हर वर्गात आला. त्याची बायको आधीच येऊन भिंतीपाशी बसली होती. त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्ची न घेता टेबलाजवळ उभा राहिला. नकाशा टेबलावर पसरलेला होता. खिशातला मोबाइल काढून त्याने तो नकाशाच्या कडेवर ठेवला.

“ठेकेदार आज दुपारी फोन करणार हाय,” तो म्हणाला. “उद्यापासून गाडी न्यायची का नाय, ते सांगणार हाय. मी इथंच थांबतो. काय सांगायचं ते तुमच्यासमोर सांगू दे.”

बाईंनी पिशवीतून पांढऱ्या कागदाची पट्टी काढली. “आपण त्या नावावर ही चिकटवू. आत्ताच.”

“आणि वर लिहिणार काय?” म्हातारीने विचारले. “पाखाडीला दुसरं नाव हाय काय?”

“काकी, ते नाव बापाचं हाय. माझं नाय.”

“मग सांग की त्याला तसं.”

“सांगितलं. तो म्हणतो, बाप गेला, आता ड्रायव्हर तूच. आणि चित्र तुझ्याच घरातनं आलंय.”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. ती उठली नाही.

“टँकर मी काढला,” ती म्हणाली. “उभा राहतो म्हणून काढला.”

“तुला कुणी विचारलं होतं गो?”

“मॅडमनी विचारलं होतं.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. ड्रायव्हरने मागे वळून पाहिल्यावर ते हसू थांबले. तिने पदर सारखा केला आणि पुढे बोलली. आता ती नवऱ्याशी नाही, बाईंशी बोलत होती. “टँकर भरून गेला की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं. कपडे घेऊन मी उतरते. हे उतरत नाहीत. पण पगारही त्याच टँकरचा. तो कागदावर काढायला जागा नव्हती.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. ड्रायव्हरने तो उचलला, कानाला लावला आणि लगेच ठेवला. “कंपनीचा,” तो म्हणाला. “नवीन प्लॅन घ्या म्हणतात.” या वेळी कुणी हसले नाही.

आप्पा उभे राहिले. “फोटो मी लावला. सोमवारी काढलाही. पण त्याआधी ज्यानं बघायचा त्यानं बघितला.”

“आप्पा, तुमची मोटर कुठाय यात?” ड्रायव्हरने विचारले. तो नकाशावर वाकला होता. “वरच्या पुलापाशी तुमची मोटर हाय. रात्रंदिवस चालते. माझ्या टँकरपेक्षा जास्त पाणी तिच्यात जातं. तिची खूण कुठाय?”

“नाय केली.”

“का?”

आप्पांनी टेबलावरचा निळा स्केचपेन घेतला, वरच्या पुलाजवळ वर्तुळ काढले आणि बाजूला स्वतःचे आडनाव लिहायला लागले.

“आप्पा, नावं नाहीत,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, नियम तुमचा. मोटर माझी.” त्यांनी आडनाव पूर्ण लिहिले.

त्यांच्यानंतर आणखी दोघांनी आपापल्या मोटरींच्या खुणा केल्या. नदीला लागून प्लॉट पाडणारे एक गृहस्थ फोन आल्याचे सांगून बाहेर गेले. ते परत आले नाहीत. खाली खाडीकडच्या तुडीलहून येणाऱ्या वाहतूकदाराकडे पेन गेला तेव्हा त्याने तो तसाच पुढे दिला. “आमच्याकडं भरतीचं खारं पाणी चढतं. गोडं पाणी उरलं तर खूण करू. खारं कुणाला पाहिजे असेल तर सांगा, घरपोच देतो.”

टँकरचे चित्र आता एकटे राहिले नव्हते. ठेकेदाराला हा नकाशा पुन्हा पाठवावा, असे एकाने सुचवले. ड्रायव्हर म्हणाला, “नको. आता माझ्यासाठी काही पाठवू नका.”

बाईंनी पट्टी अजून हातात धरली होती. “लावायची का? तुम्ही सांगाल तसं.”

त्याने पट्टी घेतली आणि नावावर धरून पाहिली. त्याखाली नाव दिसेनासे झाले. पायऱ्यांच्या आडव्या रेघा तेवढ्या बाहेर राहिल्या. त्याने बायकोकडे पाहिले.

“तुमच्या बापानं दगड लावलेत,” ती म्हणाली. “तुम्ही ठरवा.”

मग त्याने पट्टीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. नाव राहिले.

बाईंनी त्या दिवशी नवीन काही शिकवले नाही. चहा आला. ड्रायव्हरने कप घेतला आणि मोबाइलशेजारी ठेवला. चहावर साय धरली. सभागृहाला कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा त्याने मोबाइल उचलला, चार्ज आहे ना ते पाहिले आणि बाहेर गेला. दोघे एकाच मोटरसायकलवरून घरी गेले. तोपर्यंत फोन आला नव्हता.

सोमवारी सकाळी मी पाखाडीवर गेलो. टँकर नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला आणि पाइप पायऱ्यांवरून डोहात सोडला गेला. गाडी चालवणारा माणूस दुसरा होता. मोटर सुरू करून तो वरच्या घराच्या अंगणात गेला आणि त्याने प्यायला पाणी मागितले. ड्रायव्हरच्या बायकोने त्याला तांब्या आणून दिला.