मेटबाबांच्या दारावरचा कागद

मेटबाबा कोणाच्याही घरात शिरताना आधी चौकटीवर बोटांनी ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत त्यांनी जन्म काढला होता. खाली उतरणाऱ्या टोळीचा प्रमुख म्हणजे मेट. माणसं आत सोडण्याआधी सळईनं छत ठोकून पाहायचं काम त्यांचं. "आवाज भरीव आला का चाला, पोकळ आला का मांगं सरा," असं ते सांगत. निवृत्त होऊन बालाघाटला आमच्या समोर राहायला आले, तरी बोटं थांबली नाहीत. टरबूज, पाण्याची टाकी, एकदा तर आमच्या नव्या जावयाची पाठसुद्धा त्यांनी ठोकून पाहिली. "पक्का हाय," म्हणाले.

मी शाळेतून निवृत्त झालेला, म्हणून त्यांचा गुरुजी. रोज सकाळी ते आमच्या ओसरीवर पेपर ऐकायला येत. अक्षरं ओळखायचे, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून जात. प्रत्येक बातमीनंतर त्यांचा एकच प्रश्न असे, "पन त्या मानसाचं पुढं काय झालं?" ते पेपरात नसायचं. मग मी मनानंच काहीतरी सांगून टाकायचो आणि त्यांचं समाधान व्हायचं. बायको गेल्यापासून ते एकटे होते. मुलगी गोंदियाला दिलेली. घरात सोबतीला एक शेळी.

लॉकडाऊन लागला तसं मी फाटकाला कुलूप घातलं. मला साखरेचा आजार, आणि बातम्या तर तुम्हीही ऐकल्याच आहेत. पेपरही बंद केला. मेटबाबा रस्त्यात उभे राहून हाक मारत, "गुरुजी, चाय राहू द्या. मोबाइलवरचं तरी सांगा काही!" तीनचार दिवस मी दुरून सांगितलं. पुढं पडदा ओढून घेऊ लागलो. हाक मारून ते बराच वेळ थांबत. मी आत खुर्चीवर बसून ते कधी जातात याची वाट पाहत असे.

मे महिन्यात नागपूरकडून पायी येणारे मजूर आमच्या रस्त्यानं जाऊ लागले. एका दुपारी बिरसा गावाकडे निघालेलं एक जोडपं, बाईच्या कडेवर तान्ही पोरगी, मेटबाबांनी आपल्या ओसरीवर बसवलं आणि भात टाकला. मी खिडकीतून ओरडलो, "बाबा, काहून बसवलं त्याईले? साऱ्या गल्लीले मारता का?"

"त्या बाईचे पाय पाहा, गुरुजी," ते म्हणाले. "चप्पल बी नाही."

मी पाय पाहिले नाहीत. आत जाऊन कंट्रोल रूमला फोन लावला. पत्ता नीट समजावून सांगितला आणि शेवटी म्हणालो, माझं नाव कुठं येऊ देऊ नका.

संध्याकाळी गाडी आली तेव्हा ते जोडपं केव्हाच पुढं निघून गेलं होतं. मेटबाबांना तेवढं चौदा दिवसांसाठी विलगीकरणात नेलं आणि त्यांच्या दारावर कागद चिकटवला. गाडीत चढताना त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. "गुरुजी, शेळीले पाहजा!" मी मान हलवली, पण गेलो नाही. माझी बायको तोंडाला पदर बांधून रोज चारापाणी करून येई. परत आली की मी तिला अंगणातच साबणानं हात धुवायला लावत असे.

त्यांना काहीच झालेलं नव्हतं. परत आले ते मात्र वाळून आले. दारावरचा कागद नखांनी खरवडत होते तेव्हा मी कुलूप काढून त्यांना आत बोलावलं. बायको चहा देताना म्हणाली, "कोन्या मेल्यानं फोन केला असन हो?"

"जाऊ द्या, बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाचा गुरुजी. लय दिवसाचं बाकी हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. मी मोबाइल काढला आणि वाचत बसलो.

पावसाळ्यात मुलगी त्यांना गोंदियाला घेऊन गेली. दीड वर्षानं ते गेल्याचं कळलं. तेरवी झाल्यावर मी एकटाच भेटायला गेलो. मुलीजवळ तरी बोलून टाकायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तासभर बसलो आणि पावसापाण्याचं बोललो. निघताना चपला पायात घालत होतो तेव्हा तीच हळू म्हणाली, "काका, फोन तुमीच केल्ता, हे बाबाले मालूम होतं. गाडीत बसल्यावर गाडीवाल्याच्या बोलन्यातूनच कळलं होतं त्याईले."

मी चपलेवरून मान वर केली. विचारलं, "मंग मले बोलले काहून नाही?"

"मीनं बी हेच इचारलं. तं म्हने, गुरुजी भ्याले होते. भ्यालेल्या मानसाले काय बोलाव?"

ती रागात नव्हती. मी दुसरी चप्पल पायात घातली आणि निघालो. बसमध्ये बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचीही मी माफी मागितली नव्हती.

माझ्या बायकोला हे अजून माहीत नाही. आजही त्या फोन करणाऱ्याचा विषय निघाला की ती त्याला शिव्या देते, आणि मी समोर बसून ऐकतो. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे.