आमेनबाई

आमच्या सासूबाई देवापाशी चहाड्या करायच्या. तोंडावर त्या कोणाला टाकून बोलत नसत. पण दुपारी सगळे जेवायला बसले, ताटं वाढून झाली, की त्या डोळे मिटून हात जोडायच्या आणि सुरुवात व्हायची. "हे प्रभू, मोठी सून तू फार गुणाची दिलीस. तिला एवढीच बुद्धी दे, की डबा उघडला की त्याचं झाकण लावायचंही असतं." मी तेव्हा नवी नवरी, मान खाली घालून बसलेली. धाकटे भावजी शेजारी बसून फिदीफिदी हसत होते, ते डोळे मिटूनही कळत होतं.

प्रार्थना माझ्या माहेरीही व्हायची, पण चार वाक्यांत आटपायची. इथे घरातल्या प्रत्येकाचं नाव वयाच्या क्रमाने यायचं, गुणदोषांसकट. आणि शेवटी सासूबाईंनी स्वतः आमेन म्हटल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही, असा नियम. प्रार्थना दुसऱ्याने केली तरी आमेन त्यांचं. गल्लीत त्यांना आमेनबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

एकदा मला म्हणाल्या, "आज तू कर." माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हटलं, "हे प्रभू, सासूबाईंना उदंड आयुष्य दे, आणि त्यांच्या प्रार्थनेला जरा कमी दे. भाजी निवते आहे." नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र खो खो हसल्या आणि खणखणीत आमेन म्हणाल्या. "याला म्हणतात मागणं. मनात एक नि ओठांवर एक असलं की मला आमेन फुटतच नाही बघ. देवाला काय दूधखुळा समजायचं?" त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आज त्या नाहीत, नव्वदीला टेकून गेल्या, पण झाकण लावताना अजून मला त्यांची आठवण येते.

बाईंचं सगळं आयुष्य पिठात गेलं. घराच्या मागच्या अंगाला भट्टी, पुढच्या खोलीत पावाचं दुकान आणि मधल्या दोन खोल्यांत संसार. भट्टीमुळे मधल्या खोलीची भिंत बारा महिने ऊबदार असायची. तिला पाठ टेकून त्या बायबल वाचायच्या. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा चौदाचा आणि मुलगी त्याहून लहान असताना एका पहाटे माझे सासरे भट्टी पेटवता पेटवता कोसळले आणि गेले. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. बाईंनी दफनाच्या दुसऱ्याच दिवशी परात पुढे ओढली. "रडायचं तर मळता मळता रडेन. दोन्ही कामं होतील."

पीठ किती मळायचं हे त्या घड्याळावर नाही, स्तोत्रांवर मोजायच्या. रोजच्या पावाला एक लहानसं, आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला सगळ्यात लांबलचक. भट्टीवरचा कारागीर चर्चची पायरी कधी चढला नाही, पण ऐकून ऐकून त्याला चार स्तोत्रं तोंडपाठ झाली होती. चर्चचे पाळक म्हणाले, "माझ्या उपदेशाला जमलं नाही ते बाईंच्या कणकेला जमलं." पहिल्या भट्टीतले थोडे पाव विकायचे नाहीत, हाही त्यांचाच नियम. ते गल्लीत जो आजारी असेल त्याच्या घरी जायचे. तो कोणाला भजतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा, कारण ते पाव पोचवायला मलाच जावं लागे.

मग घरात ते भांडण झालं. भावजींना विजेची भट्टी आणून केक-बिस्किटं करायची होती. माझा नवरा वडिलांच्या भट्टीची वीटही हलू द्यायला तयार नव्हता. शब्दाने शब्द वाढला आणि हा बोलून गेला, "बाबा भट्टीपाशी जीव सोडत होते तेव्हा तू अंथरुणात घोरत होतास. या भट्टीबद्दल बोलायचा तुला हक्क काय?"

त्याच दिवशी बायकोला घेऊन भावजी बाहेर पडले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी दुकान थाटलं. नवरा म्हणे, "दार उघडंच आहे." भावजी म्हणत, "दाराने बोलावलं तर काय यायचं? दादाने बोलवावं." दोघे एकाच पिठाचे. पुढे जुनी भट्टी खचली आणि आमच्याकडेही विजेचीच आली. भांडणाचं कारण गेलं, भांडण तेवढं राहिलं. असं पंचवीस वर्षं.

सासूबाई दर रविवारी चर्चमधून परस्पर धाकट्याकडे जात, उजळ माथ्याने. नवऱ्याने तोंड वाकडं केलं तर म्हणत, "मला अर्धी आई होता येत नाही." आणि रोज दुपारी ताटावर तेच मागणं: "प्रभू, मला उचलायच्या आधी माझे दोघे शेजारी शेजारी बसून जेवताना दाखव." नवरा तेव्हा घसा खाकरायचा.

शेवटी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोनच शब्द उरले, नाही आणि आमेन. डॉक्टर म्हणाले, जन्मभर तोंडात बसलेले शब्द कधी कधी राहतात. मला वाटलं, बाईंनी निवडूनच ठेवले असतील. दवाखान्यात दोघे भाऊ यायचे, पण एकमेकांची वेळ चुकवून.

घरी आणलं त्या दुपारी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून टेबलाशी आणलं. नणंद आली होती. प्रार्थना आता थोरल्याकडे आली.

"हे प्रभू, आईला बरं कर. मला बळ दे." तिथून त्याने थेट बहिणीवर उडी मारली, मग मी, मग पोरंबाळं. थांबला. आम्ही आमेनची वाट बघत राहिलो.

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्याने डोळे उघडले, पुन्हा मिटले. "आणि धाकट्याला सुखात ठेव."

"नाही."

"अगं, घेतलं की त्याचं नाव! आणखी काय करू?"

नणंद हळूच म्हणाली, "दादा, तिला मनातलं लागतं. तुला माहीत आहे."

मग त्याने पुन्हा हात जोडले, आणि जे बोलला ते इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी ऐकलं नव्हतं. "देवा, तो चौदा वर्षांचा पोर होता. तो झोपणारच. त्या पहाटे भट्टी पेटवायची पाळी माझी होती. बाबांनी मला हाक मारली. मी ऐकली, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. म्हणून बाबा एकटे होते." पासष्टी ओलांडलेला माझा नवरा टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून दिसलं नाही. त्यांना ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! सगळ्या घरादाराच्या चहाड्या देवापाशी करणाऱ्या या बाईने एवढी एकच कधी केली नव्हती. ती सांगायची त्यानेच, म्हणून सोडून दिली होती. त्यांनी डावा हात सरकवत नेला आणि त्याच्या केसांवर ठेवला.

"आमेन."

नवऱ्याने घास घेतला नाही. उठला, चपला घातल्या आणि गेला. कुठे, ते विचारावं लागलं नाही. आमेन झालं होतं, जेवायला आता हरकत नव्हती, पण ताटाला कोणी हात लावला नाही. मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

दोघे आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भावजींचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, तसेच आले होते. आपल्या जुन्या जागेवर, दादाशेजारी बसले, आणि आईने नजरेने खुणावल्यावर त्यांनी हात जोडले.

"हे प्रभू, भूक लागली आहे. आणि दादाला सांग, रस्ताभर रडून त्याने माझा धुतलेला सदरा खराब केला."

सासूबाईंचं अर्धं तोंड हसलं. आमेन म्हणाल्या, आणि आम्ही जेवलो. भाजी पार निवली होती.